घटाखालचं तिकीट

माझा आवाज मोठा आहे. लग्नाआधी नव्हता, गिरणीनं केला. पट्टा फिरत असताना समोरच्या बाईला "बारीक की जाडसर?" एवढं विचारायचं तरी ओरडावं लागतं, आणि वर्षानुवर्षं ओरडल्यावर माणूस घरातही त्याच पट्टीत बोलायला लागतो. आमचे हे म्हणतात, "तू फोनवर बोलतेस तेव्हा मधे फोन कशाला लागतो?" म्हणू देत. ते सातपूरच्या कारखान्यात फिटर आहेत, बोलणं कमी आणि टोमणे जास्त.

पंचवटीतल्या आमच्या गल्लीत घराच्या खालीच गिरणी आहे. गहू, ज्वारी, बाजरी एका चक्कीवर. उन्हाळ्यात मसाल्याचं कांडप. श्रावणापासून उपवासाची छोटी चक्की धुऊन-पुसून वेगळी, तिच्यावर फक्त भगर, राजगिरा आणि शिंगाडा. आणि दसरा झाला की दिवाळीपर्यंत चकलीची भाजणी. ती भाजणी म्हणजे आमचं वर्षाचं पोट. त्या दिवसांत ज्या बाईचं दळण तुमच्याकडे येतं ती वर्षभर तुमची, आणि जी दुसऱ्या गिरणीत गेली ती गेली.

गिरणीच्या भिंतीवरच्या पाटीवर मी खडूनं लिहून ठेवलंय: "दळण आठ दिवसांत न नेल्यास गिरणी जबाबदार नाही." लोक हसतात. पण नवव्या दिवशी पिठात किडे निघाले की माझ्याशी भांडायला येतात, आणि मी त्या पाटीकडे बोट दाखवते. दया-माया काही नाही. मुदत म्हणजे मुदत. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे माझ्यावरच मुदतीची वेळ आली तेव्हा मला कुणावर चिडायलाही तोंड उरलं नव्हतं.

तर गणपतीतली गोष्ट. आमच्या नाक्यावर लॉटरीची एक टपरी आहे. टपरीवाला मूळचा कळवणकडचा, घरी थोडी कांद्याची शेती, इथे टपरी. गहू माझ्याकडेच दळतो. त्या दिवशी डबा न्यायला आला आणि खिसे चाचपायला लागला.

"वहिनी, सुट्टे नाहीत. हे घ्या, बंपरचं तिकीट घ्या. दळणापेक्षा जास्तच किमतीचं आहे."

"मला काय करायचंय तुमच्या तिकिटाचं? भाजी येते का त्याच्यात?"

"आलीच तर बंगला येईल."

"बंगला राहू दे, दळणाचे पैसे टाका."

पण मागे चार बायका डबे घेऊन उभ्या. वाद कुठे घालत बसणार? तिकीट घेतलं, कनवटीला लावलं, वर गेल्यावर ओट्यावर टाकलं आणि विसरूनही गेले. आमच्या सासूबाईंनी ते उचललं. त्यांना कुठलाही छापील कागद टाकवत नाही. दुधाची पिशवी धुऊन वाळवलेली होती, तिच्यात तिकीट घातलं, तोंड दुमडलं आणि देव्हाऱ्यात अन्नपूर्णेच्या मागे ठेवून दिलं.

सासूबाई देवळ्याकडच्या. शेतातलं माहेर, शेतातलंच सासर, मुलाला शहरात नोकरी लागली म्हणून नाशकात आल्या, पण बोलणं अजून तिकडचंच. शरीर काटकुळं, आवाज हळू. मी ओरडून बोलणारी आणि त्या पुटपुटणाऱ्या, त्यामुळे आमची भांडणं गल्लीला एकाच बाजूनं ऐकू जातात. सगळ्यांना वाटतं मी त्यांना छळते.

पितृपक्षात गिरणीची मोटर जळाली. धूर निघाला, वास सुटला आणि चक्की जागेवर थांबली. मोटरवाला आला, झाकण उघडलं आणि मान हलवली. "ताई, दोनदा वाइंडिंग करून दिलंय. आता हिच्यात जीव नाही. नवीनच घ्या." नवीन मोटरची किंमत त्यानं सांगितली तेव्हा मी खालीच बसले. त्याच वर्षी धाकट्या नणंदेचं लग्न झालेलं, होतं नव्हतं ते तिकडे गेलेलं. यांच्या पगारातून घर चालत होतं, मोटर निघण्यासारखी नव्हती.

गिरणी बंद झाली आणि घर कसंतरीच वाटायला लागलं. सकाळपासून जमीन हलायची ती हलेना. मी माझ्याच आवाजाला दचकायचे. समोरून बायका डबे घेऊन जाताना दिसायच्या, पलीकडच्या गल्लीतल्या गिरणीकडे. माझ्याकडे बघून हसायच्या आणि मान खाली घालून पुढे जायच्या. त्यांचा काय दोष? पोरांना पोळ्या लागतात. पण दिवाळीच्या आत मोटर बसली नाही तर ह्या बायका परत यायच्या नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि त्या आल्या नाहीत तर माझी गिरणी कायमची बसली.

मग घट बसले. आमच्याकडे घट सासूबाईच बसवतात. लग्न होऊन आल्यापासून मी पाटावर कापड अंथरण्यापलीकडे काही केलेलं नाही, कारण करू दिलेलं नाही. गावाकडच्या वावरातली काळी माती दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या हाती येते. पत्रावळीवर ती माती, तिच्यात सात धान्यं, मधे पाण्यानं भरलेला मातीचा घट, वर विड्याची पानं आणि नारळ. नऊ दिवस रोज एक माळ, रोज मातीवर पाणी, शेजारी अखंड दिवा. आणि एक नियम: दसऱ्याला उठेपर्यंत घट जागचा हलवायचा नाही. धक्कासुद्धा लागू द्यायचा नाही.

आमच्या घरात आणखी एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पाटावरच्या लाल कापडाखाली सासूबाई घट बसवताना त्या वर्षीची अडचण ठेवतात. म्हणजे कागद. यांच्या दहावीचं हॉलतिकीट एका वर्षी होतं म्हणे. गिरणीच्या विजेच्या जोडणीचा अर्ज होता. नणंदेची पत्रिका तर दोन वर्षं लागोपाठ होती. "देवीच्या पदराखाली घातलं," म्हणतात, "आता ती बघंल." त्या वर्षी त्यांनी कापडाखाली काय ठेवलं हे मी बघितलंही नाही. माझं डोकं मोटरमध्ये होतं.

चौथ्या माळेला टपरीवाला जिना चढून वर आला. गिरणी बंद बघून घाबराच झाला होता.

"वहिनी, तिकीट कुठंय?"

"कुठलं तिकीट?"

"अहो, गणपतीत दिलेलं! दळणाच्या बदल्यात!"

त्यानं सांगितलं ते असं. सोडत गौरी-गणपतीच्या सुमारासच झाली होती. त्यानंतर तो वडिलांचं श्राद्ध आणि कांद्याची रोपं म्हणून गावी गेला, तिथे तापानं पडला आणि टपरी बंद राहिली. परत आला तर वरच्या एजंटचा निरोप होता: तुझ्या टपरीवरून गेलेल्या एका तिकिटाला पन्नास हजारांचं बक्षीस लागलंय आणि अजून कुणी मागायला आलेलं नाही. दोन दिवस तो नाक्यावरच्या एकेकाला धरून तिकिटं तपासत होता. त्या गठ्ठ्यातली बाकीची बहुतेक सापडली होती.

"बहुतेक म्हणजे?"

"दोन राहिलीत. एक तुमचं. एक कुणीतरी रस्त्यानं जाणाऱ्यानं घेतलं, त्याला कुठे शोधू? लागलं असेल तर दोघांपैकी एकाला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मलाही त्यात थोडं मिळतं, खोटं कशाला बोलू? पण वहिनी, सोडतीपासून महिन्याच्या आत तिकीट मुंबईच्या कचेरीत हजर करावं लागतं. नाहीतर रद्दी. लोकांची किती बक्षिसं अशी पडून राहतात. चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्याला शर्टाच्या खिशात पावडर झालेलं तिकीट सापडलं होतं, बायकोनं धुतलेलं. त्या माणसानं पुढे वर्षभर पांढरा शर्ट घातला नाही."

"शेवटचा दिवस कधी?"

"अष्टमी. कचेरी सुटायच्या आत."

मी सासूबाईंकडे वळले. त्या जपाची माळ ओढत बसल्या होत्या. "आई, ते तिकीट कुठे ठेवलंत?"

त्यांनी माळ थांबवली. नुसतं घटाकडे बघितलं.

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा मी जे ओरडले ते खाली नाक्यापर्यंत गेलं असणार. "अहो, लॉटरीचं तिकीट कुणी देवीखाली ठेवतं का?"

"मोटरसाठी ठेवलं," त्या म्हणाल्या. "दुसरा कागद नव्हता माझ्याकडं."

मी खाली जाऊन बंद चक्कीवर फडकं मारत बसले.

पुढचे दोन दिवस आमच्या घरात फक्त एकच विषय होता. मी म्हणत होते घट उचला. त्या म्हणत होत्या उचलायचा नाय. टपरीवाला सकाळ-संध्याकाळ खालून हाक मारायचा, "वहिनी, काय ठरलं?" हे रात्रपाळीहून यायचे, चहा घ्यायचे आणि झोपायचे. एकदाच बोलले. पाटाखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "आई, घट नाही हलवायचा ना? मग मी खालून पाटाला ड्रिल मारतो. बरोबर पिशवीखाली भोक पाडतो." सासूबाईंनी त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की हा मोठा माणूस गुपचूप अंघोळीला निघून गेला.

मी गोदाकाठच्या आमच्या गुरुजींना फोन लावला. त्यांचं दळण माझ्याकडेच असतं. ते म्हणाले, "अडचण असेल तर क्षमा मागून, अक्षता वाहून हलवता येतो. देवी आई आहे, समजून घेते." मी फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंच्या पुढे धरला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"गुरुजींचं बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "पर हा घट गुरुजींच्या घरचा नाय."

मी चिडले. फार चिडले. काय वाटेल ते बोलले. म्हटलं, तुमच्या ह्या सोवळ्यापायी माझी गिरणी जाणार. म्हटलं, दिवसभर पिठात मी मरते, तुम्हाला काय. त्यांनी जपाची माळ खाली ठेवली. मग इतकं हळू बोलल्या की मला पुढे वाकावं लागलं.

"त्या वर्षी मांजरानं घट कलता केला होता. गावच्या घरी. ह्याचा बाप त्याच हिवाळ्यात गेला."

सासरे गेल्याचं मला माहीत होतं. तापानं गेले, एवढंच. मांजराचं आजवर कधी बोलल्या नव्हत्या. आता कळलं, नवरात्रात देवघराचं दार ओढून का घेतात आणि गल्लीतल्या मांजराला दगड का मारतात.

"घरातल्या कर्त्या माणसावर येतं ते," त्या म्हणाल्या. "आता कर्ता कोण हाय?"

कर्ता आत घोरत होता.

मी शिकलेली आहे, बारावी पास आहे. तापानं माणूस जातो, मांजरानं नाही, हे मला कळतं. पण त्या दिवशी दुपारी सासूबाई जरा आडव्या झाल्या तेव्हा मी फुलके भाजायचा चिमटा घेऊन देवघरात गेले. लाल कापडाची कड उचलली. दुधाच्या पिशवीचं निळं टोक दिसत होतं. चिमट्यात धरलं आणि ओढलं. पत्रावळीचा सगळा भार वरून, पिशवी जराशी सरकली आणि वरचा नारळ हलला. घटातलं पाणी हललं ते मी डोळ्यांनी बघितलं. माझ्या हातातला चिमटाच गळाला. आतल्या खोलीतून यांचं घोरणं त्याच क्षणी थांबलं होतं. मी धावत जाऊन बघितलं, तर कूस बदलून परत सुरू झालेलं. मी दाराला टेकून उभी राहिले आणि मला हसूही येईना, रडूही येईना. माझाही नवराच आहे तो. मी चिमटा जागेवर ठेवला आणि संध्याकाळी टपरीवाल्याला सांगितलं, "भाऊ, सोडा तो नाद. आमचं ठरलं."

तो बिचारा "बघा बुवा," म्हणाला आणि गेला. सासूबाईंनी हे गॅलरीतून ऐकलं. रात्री जेवताना मी गप्प होते, आणि मी गप्प म्हणजे काहीतरी बिनसलंय हे आमच्या गल्लीत लहान पोरालाही कळतं.

अष्टमीला पहाटे मला कुणीतरी हलवून उठवलं. सासूबाई होत्या. डोक्यावरून अंघोळ केलेली, अंगावर ओलं लुगडं, केसांतून पाणी गळत होतं.

"उठ. अंघोळ कर आणि ये."

"काय झालं?"

"अंघोळ कर म्हणलं ना."

देवघरात दिवा तेवत होता. मातीतलं धान बोटभर वर आलं होतं, पिवळट हिरवं. सासूबाईंनी हळद-कुंकू वाहिलं, अक्षता वाहिल्या आणि हात जोडून उभ्या राहिल्या. मला वाटलं होतं त्या मनातल्या मनात काही म्हणतील. पण त्या मोठ्यानं बोलल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा तेवढा मोठा आवाज ऐकला नव्हता.

"आई, मी हात लावते. माझ्या सुनेनं नाय लावला, माझ्या लेकानं नाय लावला. काय दोष असंल तो माझ्या डोक्यावर घाल. लेकराकडं बघू नको."

आणि त्या वाकल्या. दोन्ही हात पत्रावळीखाली घातले. पत्रावळ पाणी पिऊन पिऊन लगदा झाली होती, मधूनच फाटायला लागली, काळा चिखल त्यांच्या मनगटांवरून कोपरापर्यंत ओघळला. घट, पाणी, नारळ, माती, सगळा भार त्या काटकुळ्या हातांवर. पण घट सरळ होता.

"ओढ," त्या म्हणाल्या.

मी पिशवी ओढली. त्यांनी सगळं होतं तसं खाली टेकवलं, तसूभरही फरक नाही. नारळ हलला नाही. मग त्या मागे सरकल्या आणि ते चिखलाचे हात तसेच मांडीवर ठेवून बसल्या.

"लागलेलं तिकीट आपलंच असलं तर बरं," त्या म्हणाल्या. "नसलं तरी असू दे. निदान बघितलं तरी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिकिटाला बक्षीस लागलंय की नाही हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांनी आपल्या लेकाचा जीव, निदान त्यांच्या लेखी, एका "असेल तर"वर पणाला लावला होता. माझ्या मोटरसाठी. मी त्यांच्या पायाशी बसले आणि हमसून रडले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, हात चिखलाचे होते म्हणून. "रडत बसू नको," म्हणाल्या, "गाडी चुकंल."

टपरीवाल्याला झोपेतून उठवलं. त्यानं नंबर पाहिला, परत पाहिला आणि टपरीच्या फळीवर हात आपटून असा ओरडला की मला माझा आवाज लहान वाटला. पिशवीत पाणी शिरलं नव्हतं, नुसती एक कड दमट झाली होती. आम्ही दोघं पहिली मिळेल ती बस धरून निघालो. कसारा घाटात बस एका ट्रकच्या मागे अडकली तेव्हा मी ड्रायव्हरला हाका मारायला लागले. बसमधल्या एका बाईनं विचारलं, "पेशंट आहे का कुणी?" मी म्हटलं, "हो, मोटर."

कचेरीत खिडकीवर एक मध्यमवयीन बाई होत्या. तिकीट हातात घेतलं, उलटसुलट केलं, कडेवर लागलेला मातीचा डाग बोटानं पुसला.

"आजचा शेवटचा दिवस आहे. इतके दिवस काय करत होता?"

"याच्यावर घट बसला होता," मी म्हटलं. माझा आवाज सगळ्या कचेरीत घुमला. मागे रांगेतले लोक बघायला लागले.

बाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. "मग? उचललात?"

"सासूबाईंनी. पहाटे."

त्यांनी तिकीट समोर सरळ ठेवलं. मग म्हणाल्या, "आमच्याकडेही बसलाय," आणि शिक्का घेऊन ठप्पकन मारला. पोचपावती देताना एवढंच म्हणाल्या, "त्यांना माझा नमस्कार सांगा." मी त्या बाईंचं नावही विचारलं नाही. अजून अष्टमी म्हटलं की मला त्यांची आठवण येते.

पैसे काही लगेच मिळाले नाहीत. कर कापून हातात येईस्तोवर दिवाळी होऊन गेली. पण मोटरवाल्यानं पोचपावती बघितली, सगळी हकीकत ऐकली आणि दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी नवी मोटर आणून बसवली. "पैसे आले की द्या," म्हणाला, "माझी बायको भाजणी तुमच्याकडेच आणते, ती मला घरात घ्यायची नाही." बटण दाबलं. जमीन हलायला लागली. गल्लीतल्या बायका आपापल्या दारात आल्या आणि तासाभरात डब्यांची रांग लागली. मी रडतरडत ओरडत होते, "बारीक की जाडसर?" सासूबाईंनी घटाचं धान आणून मोटरवर वाहिलं आणि कुंकू लावलं. टपरीवाल्याला त्या दिवसापासून दळण फुकट. तो ऐकत नाही, दर वेळी पैसे ठेवतो. तिकीट मात्र पुन्हा देत नाही, घाबरतो.

पण एक गोष्ट माझ्या तेव्हा नीट लक्षात आली नव्हती. त्या अष्टमीच्या सकाळनंतर सासूबाईंनी घटाला हात लावला नाही. त्या दिवशीची माळ माझ्याकडून बांधवून घेतली, नवमीचीही. दसऱ्याला घट मी उठवला. मला वाटलं, दमल्या असतील.

वर्ष गेलं. यांना काही झालं नाही. साधं पडसंसुद्धा नाही. वजन वाढलं तेवढंच. यंदा घटस्थापनेला मी पहाटेच पाट मांडला, कापड अंथरलं, माती चाळून ठेवली, आणि हाक मारली. सासूबाई आल्या आणि देवघराच्या उंबऱ्याबाहेर बसल्या.

"बसव," त्या म्हणाल्या.

"मी? आणि तुम्ही?"

"मी सांगते इथनं. माझा हात आता लावायचा नाय. बसलेला घट उचललेला हात हाय हा."

म्हणजे त्यांनी वर्षापूर्वीच हे ठरवलं होतं. देवीशी तसा करार केला असणार, मला न विचारता. लग्न होऊन आल्यापासून जे एक काम त्या कुणाला करू देत नव्हत्या, ज्याच्यासाठी ताप असतानाही उठून बसल्याचं मी बघितलंय, ते त्यांनी माझ्या मोटरच्या बदल्यात देऊन टाकलं होतं. आणि वर्षभर त्याचा चकार शब्द नाही. मी खाली "बारीक की जाडसर" करत बसले होते.

मला इतकं भरून आलं की मी चिडले. मला दुसरं काही जमतच नाही. मातीची परात बाजूला सारली आणि उंबऱ्याच्या आत मांडी घालून बसले.

"मग मीही बसवणार नाही."

"असं काय करती? मुहूर्त जाईल."

"जाऊ दे. ह्या घरात तुमच्या हाताशिवाय घट बसायचा नाही. तुम्ही नाही तर मी नाही. यांना सांगा, ते बसवतील ड्रिल मारून."

आतून हे म्हणाले, "माझं नाव कशाला घेता?"

सासूबाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागल्या. गुरुजींनी सांगितलेली वेळ टळायला आली होती. मी हलले नाही. मुदतीबद्दल मी किती कडक आहे ते त्यांना माहीत आहे, पाटी रोज वाचतात. "लय हट्टी हाय तू," त्या म्हणाल्या. परत घड्याळ. मग "देवीला काय वाटंल" म्हणाल्या. मी म्हटलं, "गेल्या वर्षी जे वाटलं तेच वाटेल. तिनं तुमच्या लेकाला काही केलं का? नाही ना? मग तिनं माफ केलेल्या हाताला तुम्ही कोण शिक्षा करणार?"

गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या, उंबरा ओलांडून आत आल्या आणि माझ्या शेजारी बसल्या. पदरानं डोळे पुसले, पदर खोचला आणि पत्रावळ पुढे ओढली. माती पसरली, धान्य टाकलं, वरून पुन्हा माती. घट मी धरला होता, पाणी त्यांनी ओतलं. मला सांगायचं होतं, आई, तुम्ही माझ्यासाठी जे केलंत ते माझ्या जन्मदात्या आईलाही करावं लागलं नाही. पण माझ्यानं नेमकं तेवढंच मोठ्यानं बोलवेना. मग मी कापडाची कड उचलली आणि म्हटलं, "यंदा पदराखाली तुमचं काहीतरी ठेवा. दरवर्षी आमचंच असतं."

"नको बाई, काय नको ठेवू," त्या म्हणाल्या. "परत उचलायला लावशील मला."

"म्हणजे परत उचलाल?"

त्यांनी घटाच्या तोंडात विड्याची पानं लावली, नारळ ठेवला, तो सरळ आहे ना ते एक डोळा मिटून बघितलं.

"मग, नाय का उचलणार?" त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे माळ मागितली.